पेटीची दुसरी कडी

काकांच्या घरात रविवारची भाजी मतदानानं ठरायची. थट्टा नाही. मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहायला गेले त्याच आठवड्यात काकांनी माझ्यापुढे कागदाचा कपटा आणि बोटभर पेन्सिल ठेवली आणि म्हणाले, "मटण की वांगं, लिही. पाठ फिरवून लिही, काकूला दिसू देऊ नको." मतदार आम्ही तिघंच. चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकायच्या आणि मोजणी दोघांनी करायची, तीही एकमेकांविरुद्ध मत दिलेल्या दोघांनी. मत गुप्त, मग विरुद्ध कोण हे कळायचं कसं, असं मी विचारलं. काका छताकडे बघत म्हणाले, "पॉइंट आहे." तोवर काकूंनी मटण धुवून हळद लावून ठेवलेलं असायचं. निकाल काहीही लागो, फ्रीजमधून जे बाहेर आलंय तेच शिजणार, हे त्या घरातलं खरं सरकार होतं.

काका नागपूरचे. इंजिनियर म्हणून तरुणपणी अमेरिकेत आले, इथले नागरिक झाले, आयुष्यभर पुलांची तपासणी केली, रिटायर झाले आणि ओहायोतल्या आमच्या त्या उपनगरात मुळं धरून बसले. सकाळी उठून त्रिशरण, पंचशील, मग कोरा चहा, मग दोन वर्तमानपत्रं. एक या बाजूचं, एक त्या बाजूचं. दोन्ही वाचून दोन्हींवर सारखेच चिडायचे. भेटणारा प्रत्येक जण त्यांना काका म्हणायचा. पुलावरून गाडी नेताना मात्र त्यांच्याशेजारी बसू नये. "हा जॉइंट पाहून ठेव, गंजून राहिला," असं म्हणायचे आणि आपला जीव वर.

आणि मी मुळातच भित्री. सांगलीत होते तेव्हा कुत्र्यांना भ्यायचे, इथे पाकिटांना भ्यायला लागले. ग्रीन कार्डाचे पेपर चालू असले की माणसाचं असंच होतं. पत्रपेटीत सरकारी पाकीट दिसलं की ते मी दोन दिवस उघडत नाही. पोलिसांची गाडी मागे आली की मी काही न करता घाम पुसते. अशा बाईनं नेमकं याच माणसाच्या घरात राहायला जावं, याला काय म्हणायचं.

त्यांचा दुसरा छंद म्हणजे फोनवरचे सर्व्हे. तुमचा सरकारवर विश्वास आहे का, देश बरोबर दिशेनं चाललाय का, असं विचारणारे फोन येतात ना, तुम्ही-आम्ही ते दोन सेकंदांत कट करतो. काका स्पीकर लावून खुर्ची ओढून बसायचे. "पूर्ण सहमत, थोडे सहमत की असहमत?" असं पलीकडच्या पोरीनं विचारलं की म्हणायचे, "हा प्रश्नच मला मान्य नाही, तू आधी प्रश्न नीट कर." पोर बिचारी गोंधळायची. मग काका तिला ती कुठली, जेवली का, तिचं स्वतःचं मत काय, हे विचारायचे आणि शेवटी स्वतःचं मत न सांगता फोन ठेवायचे. काकू म्हणायच्या, "त्या पोरीची नोकरी घालवाल एखाद दिवशी."

"अगं, हे सरकार दोन गोष्टींना भेते," काका मला समजावायचे. "मताला आणि ओरडण्याला. मत कधीमधी येते. ओरडणं रोज येते. सरकार ओरडण्याचं ऐकायला लागलं का समजायचं, बिघडलं."

तर असा हा माणूस निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर काम करायचा. पहाटे उठून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. शर्ट पांढरा, टाय तपकिरी. लाल नाही, निळा नाही, कारण ते दोन पक्षांचे रंग. डब्यातही त्या दिवशी लाल तिखट चालायचं नाही. एरवी झणझणीत सावजी रस्सा करणारी बाई त्या दिवशी दहीभात बांधायची आणि स्वतःशीच हसायची.

आमच्या भागातल्या केंद्रावरची एक पद्धत काकांना भारी आवडायची. कुठलंही महत्त्वाचं काम एकट्यानं करायचं नाही. टेबलावर दोन पक्षांची दोन माणसं. कुलूप उघडताना दोघं, मोजताना दोघं. संध्याकाळी मतपत्रिकांची पेटी इलेक्शन ऑफिसात न्यायची तीसुद्धा दोघांनी, एकाच गाडीत, वाटेत कुठे न थांबता. पेटीला दोन बाजूंना दोन कड्या. एक कडी या पक्षाच्या हातात, दुसरी त्या पक्षाच्या. "तिकडे राजधानीत हे एकमेकांचं तोंड पाहत नाहीत," काका म्हणायचे. "बजेट अडकते, सरकार बंद पडते. आणि इथं चर्चच्या हॉलमध्ये तेच दोघं एक डोनट अर्धा अर्धा करून खातात. तू सांग, खरं सरकार कुठलं?"

त्या पद्धतीपायी काकांनी एक उद्योग करून ठेवला. त्यांच्या केंद्रावर एका पक्षाची माणसं भरपूर, दुसऱ्या पक्षाचं कोणीच मिळेना. इलेक्शन ऑफिसनं विचारलं, कोणी आहे का ओळखीचं? काका म्हणाले, "मी होतो." ओहायोत पक्षाचा माणूस होणं सोपं आहे. पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत जाऊन टेबलावर मोठ्यानं सांगायचं, मला या पक्षाची मतपत्रिका द्या. झाला माणूस त्या पक्षाचा. काकांनी मोठ्यानं सांगितलं, आणि रांगेत मागे आमच्या मराठी मंडळाचे एक जण उभे होते. संध्याकाळपर्यंत कोलंबसपासून पार सिनसिनाटीपर्यंत झालं, काका पलटले.

कुठला पक्ष ते मी सांगणार नाही. त्यांनीही कधी खुलासा केला नाही. लोक तोंडावर विचारायचे, "काका, तुम्हीसुद्धा, यार?" ते म्हणायचे, "पक्ष कागदावर असतो. मत माझ्याजवळ आहे, ते तुले कायले दाखवू?" माणसं दुरावली. बुद्धवंदनेला घरी येणारी दोन कुटुंबं यायची बंद झाली. मुलीनं डेट्रॉइटहून फोन करून विचारलं, "डॅड, आर यू सीरियस?" मला वाटायचं, सांगून टाकावं ना एकदाचं. हे म्हणजे विकतचं दुखणं. पण नाही.

एकदाच बोलले. मी भांडी पुसत होते, ते डबे लावत होते. "माझी आई विहिरीवर गेली का लांब उभी राहायची," ते म्हणाले. "कोणी वरून पाणी ओतलं तर घ्यायचं. नाही ओतलं तर उभं राहायचं. मतदानाच्या दिवशी मात्र ती रांगेत पुढे आणि गावचा पाटील तिच्या मागे. तिनं मला कडेवर घेतलं होतं. पाटील घसा खाकरून राहिला होता, पण ती हलली नाही." मग बराच वेळ त्यांना एका डब्याचं झाकण लागेना. "एका माणसापायी ते टेबल लंगडं होत असेल तर मी कुठल्याही पक्षाचा होतो बाप्पा. मले काय त्याचं."

काकांच्या समोरच्या पक्षाची पॅम. सत्तरीची, दणकट, जन्मभर शाळेची बस चालवलेली. दोघांचं एका गोष्टीवर एकमत नव्हतं. कर, बंदुका, सीमा, शाळेतली पुस्तकं, काहीही काढा. दिवसभर हळू आवाजात कचाकचा भांडायचे आणि मतदार आला की दोघं एकदम गुड मॉर्निंग. पॅम त्यांना हट्टी म्हणायची, काका तिला म्हणायचे, "बाई चुकीची आहे, पण पक्की आहे." दिवाळीला तिच्याकडे चकल्या जायच्या, नाताळात तिच्याकडून केक यायचा. तो केक दगडासारखा असायचा आणि काका तो चहात बुडवून शेवटच्या तुकड्यापर्यंत खायचे.

त्या नोव्हेंबरात पॅमचा गुडघा नुकताच ऑपरेट झाला होता. मतदान संपलं, पेटीला सील लागलं, दोघांनी दोन कड्या धरायची वेळ आली, आणि काकांनी पेटी एकट्यानं उचलली. आपल्याकडे असंच ना. काठी टेकत चालणाऱ्या बाईच्या हातात ओझं देऊन आपण निम्मं हलकं व्हायचं, हे त्यांच्या हाडात बसणारं नव्हतं. पॅम म्हणाली असणार, अरे दे इकडे. काका म्हणाले असणार, चल गं बाई तू. ती चार पावलं मागे राहिली. पार्किंगमध्ये कोणीतरी फोन धरून उभं होतं.

व्हिडिओ अगदी छोटा होता. अंधारात एक सावळा म्हातारा पेटी घेऊन भरभर गाडीकडे चाललाय. पॅम त्यात नाहीच, ती चौकटीच्या बाहेर. खाली लिहिलं होतं, हा परदेशी माणूस आपली मतं कुठे घेऊन चाललाय? बस. दुसऱ्या दिवशी माझ्या ऑफिसातल्या एकानं मला तो दाखवला, "हे तुमच्या भागातलं ना?" म्हणून.  मी म्हटलं, "हो का? बघते," आणि बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले.

मग फोन सुरू झाले. सर्व्हेचे नव्हेत. काही नुसते श्वास ऐकवायचे. काही म्हणायचे, परत जा. एका बाईनं अगदी गोड आवाजात घराचा पत्ता वाचून दाखवला आणि ठेवला. तो पत्ता माझाही होता. एक उंच पिकअप आमच्या गल्लीतून जायला लागली. रोज, संध्याकाळच्या सुमाराला, आमच्या दारापाशी आली की वेग कमी. थांबायची नाही. कोणी काही करायचं नाही. पण तो इंजिनाचा आवाज बेसमेंटच्या खिडकीतून माझ्या गादीपर्यंत यायचा आणि मी हातातलं काम सोडून बसून राहायचे. काकूंनी पुढची झाडं-फुलं बघणं सोडलं. पडदे दिवसासुद्धा बंद. पोलीस येऊन गेले, नीट बोलले, म्हणाले काही झालं तर कळवा. काही झालं तर, म्हणजे झाल्यावर.

मी गुपचूप दुसरी अपार्टमेंटं बघायला लागले. का नाही बघायची? कोणी माझा फोटो काढला असता, उद्या तो कुठल्या टेबलावर गेला असता, कोणाला माहीत. काकांना ते कळलंच. "तू मागच्या दारानं येत-जात जा," ते म्हणाले. "आणि कोणी विचारलं तर आमची ओळख नाही म्हण. तुझे पेपर चालू आहेत." रागावून नाही, पुलाचा गंज दाखवावा तसं साधेपणानं. त्यानंतर माझ्याच्यानं घर काही सोडवेना.

खरं तर एक माणूस एका वाक्यात हे मिटवू शकत होतं. पॅम. मी तिथेच होते, चार पावलं मागे, माझ्या गुडघ्यामुळे, एवढंच तिनं म्हणायचं होतं. पण व्हिडिओ फिरवणारे तिच्या पक्षाचे, तिच्या चर्चचे, त्यातला एक तर तिचा स्वतःचा जावई. पॅमचा फोन आला नाही. नाताळ झाला, केक आला नाही. मी म्हटलं, "काका, तुम्ही तरी फोन करा तिला." तर म्हणाले, "काऊन? तिनं तोंड उघडलं तर तिच्या घरात आग लागते. आणि नियम मी मोडला, तिनं नाही. कडी तिची होती." एवढं बोलून ते वर्तमानपत्र उघडून बसले. पान काही उलटत नव्हते.

वसंतात पुन्हा निवडणूक आली, शाळांच्या बजेटची. इलेक्शन ऑफिसातल्या बाईंचा फोन आला. सज्जन बाई, आवाजच थकलेला. त्या म्हणाल्या, नियमानं तुम्हाला थांबवण्याचं कारण नाही, पण आमच्याकडे खूप फोन आलेत, लोकांचं मत असं दिसतंय की या वेळी तुम्ही विश्रांती घ्यावी.

"किती लोकांचं?" काकांनी विचारलं. "मोजलं का?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, आणखी एक अडचण आहे. समोरच्या पक्षाचं कोणी तुमच्याशेजारी बसायला तयार नाही. पॅमला विचारलंय, तिनं अजून हो-नाही काहीच कळवलं नाही. ती आली नाही तर तुम्हाला आल्या पावली परत जावं लागेल. काका म्हणाले, "मी येतो. पुढचं पुढे."

मुलगी डेट्रॉइटहून ड्राइव्ह करून आली आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडत बोलली. "डॅड, प्लीज. समबडी विल हर्ट यू. फॉर व्हॉट? फॉर अ स्कूल बजेट?" काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. काकू बोलल्या. "बापाले अडवू नको," त्या मुलीला म्हणाल्या. "घरी बसवलं तर मरून जाईल तो." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "संध्याकाळी तू गाडी काढशील का गं? मला अंधारात चालवता येत नाही." मला नाही म्हणायचं होतं. तोंडातून हो आलं.

तो दिवस कसा गेला ते विचारू नका. काका पहाटे पांढरा शर्ट, तपकिरी टाय घालून गेले. केंद्रावर फोन बंद ठेवावा लागतो, त्यामुळे पॅम आली की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. दुपारपर्यंत ते परत आले नाहीत. म्हणजे ती आली असेल, असं मी म्हटलं. किंवा काही झालं असेल, असं काकू म्हणाल्या. 

मतदान संपायच्या सुमाराला आम्ही चर्चच्या पार्किंगमध्ये कडेला गाडी लावून बसलो. दिवे बंद. दारापासून थोड्या अंतरावर पाच-सहा माणसं उभी होती, हातात फोन. ती ओळखीची पिकअपसुद्धा होती. ओरडत नव्हते, नुसते उभे होते, आणि तेच वाईट होतं. ओरडणाऱ्याचं निदान कळतं तरी. काकू तोंडातल्या तोंडात त्रिशरण म्हणत होत्या आणि त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटं बधिर झाली. मी दारं लॉक केली. परत केली.

दार उघडलं. आधी काका दिसले, मग पेटी, मग पेटीच्या दुसऱ्या कडीला पॅम. तिच्या एका हातात काठी, एका हातात कडी.  पण गुडघा तो गुडघाच. ती बाई एक पाऊल टाकायची, थांबायची, मग दुसरं. आणि काका तिच्याबरोबर थांबायचे. या वेळी त्यांनी पेटी स्वतःकडे ओढली नाही. दार ते गाडी एवढंसं अंतर, पण ते सरता सरेना. फोन वर झाले. एक जण पुढे सरकला आणि पॅमला काहीतरी म्हणाला. गाडीच्या काचेतून आम्हाला ऐकू आलं नाही. पॅम थांबली, त्याच्याकडे बघितलं, काहीतरी उत्तर दिलं, आणि पुन्हा पाऊल टाकलं. तो माणूस बाजूला झाला. काकूंचं त्रिशरण मधेच थांबलं होतं.

दोघांनी पेटी पॅमच्या गाडीत ठेवली, दोघं बसले, गाडी निघाली. आम्ही ऑफिसपर्यंत मागे मागे गेलो. पिकअपही थोडी मागे आली आणि मग कुठेतरी वळली. पेटी पोचली. पॅमनं काकांना घरी सोडलं, पण आत आली नाही, गाडीतूनच हात केला. तिच्या घरी तिची वाट कोण बघत होतं आणि कसं, ते तिलाच माहीत.

काकूंनी चहा केला. काका जेवणाच्या टेबलाशी टायसुद्धा न सोडता बसले होते. बशी उचलली तर चहा सांडला. पुन्हा उचलली, पुन्हा सांडला. मी विचारलं, "काका, थंडी वाजतेय का? हीटर वाढवू?"

"थंडी नाही," ते म्हणाले. "भेलो मी."

इतक्या दिवसांत हा शब्द त्यांच्या तोंडून आला नव्हता. मुलगी जिन्यात होती, तिथेच खाली बसली.

"त्या माणसानं काय विचारलं तिला?" काकूंनी विचारलं.

"म्हणाला, तुला लाज नाही वाटत? तर ती म्हणाली, वाटते ना, मागच्या वेळी मी गप्प बसले त्याची वाटते." काका हात मांडीवर दाबून बसले होते. "सकाळपासून भेलो होतो मी. दारातून बाहेर आलो, ते लोक पाहिले, आणि पायच उचलेना. वाटलं, ठेवावी इथंच आणि घरी जावं. आणि तिचाही हात कापून राहिला होता. कळते ना. पेटी एकच, तिकडचा हात कापला का इकडच्या कडीत समजते." मग ते काकूंकडे बघून म्हणाले, "ती बोलली नाही, मी बोललो नाही. दोघांपैकी एकानं जरी म्हटलं असतं का भेव लागते, तर आम्ही दोघांनी ती पेटी तिथंच खाली ठेवली असती."

काकूंनी बशी त्यांच्या पुढून घेतली, फुंकर मारली, आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या ओठांना लावली.